मायच्या पायापुरती जागा

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. आमच्या घरी व्याह्यानं ॲम्बेसेडर धाडली. माझ्या नणंदेच्या सासऱ्यांना चंद्रपुरात डोळ्यांनी दिसेनासं झालं, त्यांच्या मुलांना जुन्या गाडीची लाज वाटायला लागली, आणि 'तुम्हाला हौस आहे ना, घेऊन जा' म्हणून ती सावलीला, आमच्या गावी, आमच्या अंगणात आली. माझे यजमान हायस्कुलात गणित शिकवायचे. सारं गाव त्यांना सर म्हणायचं, आणि राग आला की मीही म्हणायची. या हकिकतीत त्यांना सरच म्हणते.

गाडी आली त्या दिवशी सरांचा चेहरा खुलला, तसा आमच्या लग्नातही खुलला नव्हता. इंजिन ठणठणीत होतं, ते मान्य करते. पण आतून गाडीची पार रया गेलेली. सीटचं रेक्झिन फाटून काथ्या बाहेर आला होता, दरवाज्यांचे आतले पुठ्ठे पाण्यानं फुगले होते, आणि छताचं कापड इतकं लोंबत होतं की मागे बसणाऱ्याच्या डोक्याला घासायचं. सर बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "हे मॉडेल आता मिळत नाई." मी म्हटलं, "मिळत नाई तेच बरं हाय."

मला त्या गाडीत रस होता तो एकाच कारणानं. कुरखेड्याच्या पुढे जंगलाला लागून एका गावात माझी माय राहायची, एकटी. थोडं धान, दोन बकऱ्या, आणि सपरीवर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी, असा तिचा संसार. पूर्वी ती दर शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला जायची. बैलांच्या बंडीत तणस टाकायचं, म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा, वर कथडी, जुन्या लुगड्यांची गोधडी, अंथरायची आणि पाय पसरून बसायचं. मुक्काम करत करत जत्रा गाठायची. मीही लहानपणी त्या तणसात झोपून गेलेली आहे. पुढे बैल विकले, मग वडील गेले, मग मायचा उजवा गुडघा गेला. "बसमंदी पाय कुठी ठेवू वो?" म्हणायची, आणि जत्रेचा विषय निघाला की गप्प व्हायची.

गाडीचं सांगितलं तशी ती म्हणाली, "मंग येते मी. पोरीची गाडी असताना कोन घरी बसन?" एवढ्यावर थांबती तर माझी माय कसली? येत्या शिवरात्रीला पोरीच्या गाडीनं मार्कंड्याले जाऊन राह्यली म्हणून साऱ्या गावात सांगून आली. नवं लुगडं पेटीतून काढून उन्हात टाकलं. गावात एकदा सांगून बसली की ते मागे घेणं तिला जड जायचं. आता तिला नेणं मला भागच होतं.

मी सरांना म्हटलं, चला, गाडी जशी आहे तशी काढू. सर म्हणाले, "तुह्या मायले अशा फाटक्या सीटवर बसवू काय? आधीच तिचा गुडघा दुखते. पहिले आतलं करून घेऊ, मस्त मऊ करू, मंग आणू." बोलणं इतकं शहाणपणाचं होतं की मी मान डोलावली. तिथंच घात झाला.

आमच्या भागात गाडीच्या सीटा शिवणारा एकच कुशनवाला होता, आणि नाटकांचे पडदेही तोच शिवायचा. इकडे झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान घरात आलं की नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. गावोगावी मांडव पडतात, घरोघरी पाहुणे येतात. हा कुशनवाला दिवाळीच्या तोंडावर आला. सीटवर बुक्की मारली, कान लावून स्प्रिंग ऐकली, आणि म्हणाला, "सगळं उकलावं लागते, भाऊ." उकलायला त्याला एक दुपार पुरली. सीटा, पुठ्ठे, छत, खालची मॅट, सगळं काढून अंगणात मांडलं, चहा प्याला, आणि दुसऱ्या दिवशी नाटक कंपनीबरोबर वडशाला निघून गेला.

अंगण धानासाठी लागत होतं, म्हणून ते सगळं सामान घरात आलं. दरवाज्यांच्या मुठी माझ्या पोह्यांच्या डब्यात, स्प्रिंगा पलंगाखाली, काच फिरवायचे दांडे देवाच्या फळीवर. मागची लांब सीट स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिला वळसा घालून मी दिवसभर आत-बाहेर करायची आणि दर वळशाला मनातल्या मनात सरांचा उद्धार करायची. कोणी विचारलं, "गाडी कुठी हाय?" की मी म्हणायची, "घरात हाय. अंगणात दिसते ते तिचं टरफल हाय."

शिवरात्र जवळ यायला लागली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. सावलीतच एक नाटक लागलं होतं, तिथं मी सरांना ओढत नेलं. पाहते तर आमचा कुशनवाला रंगमंचावर हवालदार झालेला. मध्यंतरात त्याला पडद्यामागे गाठलं. तोंडाला रंग, हातात दाभण, फाटलेली झालर टाचत बसला होता.

"सीझन हाय ना, बाई," तो म्हणाला. "सीझनमंदी माह्यी माय आजारी पडली तरी मी पडदा शिवून मंग जातो."

"माह्यी माय वाट पाहून राह्यली ना," मी म्हटलं.

"होऊन जाईन, बाई. टेन्शन काऊन घेता?" असं म्हणून त्यानं दाभण टोपीत खोचलं आणि काठी आपटत पुन्हा रंगमंचावर गेला. त्याला पाहून लोक पोट धरून हसत होते. मला रडू येत होतं.

मायच्या गावात फोन नव्हता. कुरखेड्याच्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला की गाडीचं काम राहिलं आहे. उलटा निरोप आला, "बरं. पुढच्या साली." एवढंच. भांडली असती तर परवडलं असतं. 

होळीनंतर कुशनवाला लग्नांच्या मांडवांत अडकला. तेव्हा सरांनी ठरवलं, आपणच करू. "त्यात काय हाय? शेवटी भूमितीच त हाय." चंद्रपूरहून कापड आणलं, पुठ्ठे आणले, चिकटवायच्या सोल्युशनचे डबे आणले. पुठ्ठे कापून दारांना लावले तर मुठीची भोकं एक बोट खाली. पुन्हा कापले, तर एक बोट वर. वर्गात पोरांचं एक उत्तर चुकलं तर छडी उचलणारा हा माणूस माझ्याकडे पाहून म्हणाला, "दारच वाकडं हाय." मी म्हटलं, "हव, नाचता येईना अंगण वाकडं."

छत मात्र त्यांनी खरोखर छान लावलं. एक सुरकुती नव्हती. मे महिन्यातल्या एका दुपारी मोठ्या हौसेनं मला म्हणाले, "बसून त पाहा." मी बसले. आमच्याकडच्या मेमध्ये घागर सावलीत ठेवली तरी पाणी गरम होतं, तिथं त्या सोल्युशनची काय कथा? सगळं छत अलगद सुटलं आणि माझ्या डोक्यावर येऊन बसलं, चिकट आणि गरम. केसांना खोबरेल लावलं, रॉकेल लावलं, काही सुटेना. शेवटी शेजारणीनं कात्री घेतली. सर म्हणाले, "चूक कुठी झाली ते आता समजलं." मी म्हटलं, "चूक तुमची, अन् केस माहे." त्या आठवड्यात मी त्यांच्या भाजीत मुद्दाम मीठ घातलं नाही. त्यांनीही मुकाट्यानं खाल्ली, म्हणजे अपराध त्यांना ठाऊक होता.

दुसरा कोणी असता तर इथं थांबला असता. सरांनी चंद्रपुरात कोणाची तरी नवी गाडी पाहिली. तिच्यात पुढे एकच लांब सीट नव्हती, दोन वेगळ्या होत्या, मागेपुढे सरकणाऱ्या. झालं. भंगारातून तशा दोन सीटा आल्या. त्यांचे खालचे रूळ आमच्या गाडीला बसेनात, म्हणून वेल्डिंगवाला आला, मग त्याचं चुकलं म्हणून दुसरा आला. मी तोंड उघडलं की सर म्हणायचे, "तुह्या मायसाठीच करून राह्यलो ना." मायचं नाव घेतलं की माझी बोलती बंद होते, हे त्यांना पक्कं कळलं होतं. आईशप्पथ, त्या गाडीत जितक्या वेळा मायचं नाव घेतलं गेलं तितका तिचा गुडघा कोणी चोळला असता तर बरा झाला असता.

पावसाळा गेला, दिवाळी आली, कुशनवाला पुन्हा नाटकात गेला, आणि दुसरी शिवरात्रही निघून गेली. मायचा निरोप आला, "बरं. गुडघा आता वाकत नाई, पन पोरीच्या गाडीत बसाचंच हाय." निरोप ऐकून सर गंभीर झाले आणि म्हणाले, "मंग स्पंज अजून जाड टाकू."

त्या होळीनंतर कुशनवाला एकदाचा आला, आणि रिकाम्या हातानं आला नाही. कुठल्याशा कंपनीनं दर्शनी पडदा नवा केला होता, त्यातली लाल मखमल उरली होती. त्यानं तिच्यात अख्खी गाडी मढवली. सीटा लाल, दारं लाल, छत लाल. मागच्या काचेवर सोनेरी गोटा लावलेली झालर, तीही त्याच्या मनानं. पुढच्या सीटांच्या खाली जमिनीपर्यंत मखमलीचा घेर शिवला, रूळ आणि बोल्ट दिसू नयेत म्हणून. आत बसलं की वाटायचं, आता घंटा होईल आणि नांदी सुरू होईल. सर दार उघडायचे, लावायचे, पुन्हा उघडायचे. मला ती गाडी पाहून डोकं धरावंसं वाटत होतं. पण आतलं झालं होतं. मला तेवढंच पाहिजे होतं.

तिसऱ्या शिवरात्रीला आम्ही निघालो. जत्रा चांगली आठ-दहा दिवस भरते, तेव्हा घाई नव्हती. सकाळी सावली सोडली, गडचिरोलीवरून आरमोरीला आलो, आणि चहासाठी गाडी थांबवली. कप हातात येईपर्यंत गाडीभोवती हीऽ गर्दी. "नाटक कुठी हाय, भाऊ?" "हिरोईन कोनती हाय?" एकानं आत वाकून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. एका म्हाताऱ्यानं सरांचा हात धरून सांगितलं की मागच्या साली तुमचं काम पाह्यलं, लय रडलो. सर त्याला पुठ्ठा, स्पंज, मखमल समजावून सांगायला लागले. तो म्हणाला, "हव, हव, पन आज कोनत्या गावाले?" मी सरांना गाडीत कोंबलं.

मायच्या अंगणात पोचलो तर ती तयार होऊन बसलेली. नवं लुगडं, केसाला तेल, पिशवीत नारळ आणि बेलाची पानं. गल्लीतल्या पाच-सात बायाही जमल्या होत्या. तीन वर्षं ऐकत असलेली गाडी त्यांनाही पाहायची होती. माय काठी टेकत आली. उजवा पाय मुसळासारखा सरळ. सरांनी अदबीनं पुढचं दार उघडलं.

ती बसेना. बसायला गुडघा वाकायला पाहिजे, आणि तो वाकत नव्हता. पाठ आत, पाय बाहेर, दार लागेना. सीट मागे सरकवली, तरी पाय मावेना. मागच्या सीटवर आडवं बसवून पाहिलं. स्पंज एवढा जाड की तिचं डोकं छताला टेकलं, आणि मखमल एवढी गुळगुळीत की ती घसरून खाली यायला लागली. मी आणि सर दोन्ही बाजूंनी तिला धरून उभे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असली गत. तीन वर्षं आम्ही तिच्या बसायच्या जागेचं पाहत होतो, आणि तिचं अडलं होतं पायाच्या जागेवर. पहिल्या दिवसापासून ती तेच तर म्हणत होती, पाय कुठी ठेवू.

माय आमच्या हातांतून सुटून उभी राहिली. सीटवरून एकदा हात फिरवला. "लय मऊ हाय, जवाईबापू," ती म्हणाली. "तुमी दोघं जाऊन या. माह्या नावानं नारळ फोडजा." पिशवी माझ्या हातात दिली, परत जाऊन सपरीवर बसली, आणि तो पाय समोर पसरला. बाया इकडे-तिकडे पाहायला लागल्या. कोणीतरी म्हटलं, "ऊन भल्लं झालं आज." माझी माय कोणाच्याच तोंडाकडे पाहत नव्हती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. सरांचा, कुशनवाल्याचा, त्या मखमलीचा, सगळ्यांचा. मी डिकी उघडून पाना काढला. शेजारणीचा विळा मागून घेतला. पुढच्या डाव्या सीटखालचा मखमलीचा घेर धरला आणि टरकन् फाडला.

"अवो, ते मखमल..." सर म्हणाले.

"सर, आता तुमी बोलू नका."

बोल्ट कुठं आहेत ते मला विचारायची गरज नव्हती. दोन वर्षं ती सीट माझ्या डोळ्यांसमोर बसत-उठत होती. दोन बोल्ट माझ्यानं सुटले, दोन सुटेनात. मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले, तेव्हा सर खाली बसले, माझ्या हातातून पाना घेतला आणि ते दोन्ही सोडवले.  सीट उचलून अंगणात ठेवली. लगेच एक कोंबडी तिच्यावर चढून बसली.

शेजारच्या ढिगातून मी तणस आणलं. कवळ्यामागून कवळा, कवेत मावेल तेवढं, आत टाकला, दाराच्या उंबऱ्याच्या बरोबरीला येईपर्यंत दाबून भरला. वर मायची कथडी. सपरीवरून आवाज आला, "पाठीमागं अजून टाक, तिथी खड्डा पडला." मी वळून पाहिलं. ती मान उंच करून पाहत होती. आणखी तणस टाकलं. "आता दाब," ती म्हणाली. दाबलं. मग ती उठली, काठी टेकत आली, गाडीकडे पाठ करून दारातच तणसावर टेकली, आणि आम्ही तिचे पाय उचलून आत वळवले. पाठ मागच्या सीटच्या फळीला टेकली, आणि पाय थेट डॅशबोर्डाखाली पसरले, दोन्ही, पुरे.

"आता झाली बंडी," माय म्हणाली.

मी मागे बसले, तिच्या डोक्यामागे. वाटेत सगळीकडे तणस उडालं. छताच्या मखमलीला काड्या चिकटल्या, सरांच्या कॉलरमध्ये गेल्या, गोट्याच्या झालरीत अडकल्या. सर पुढे पाहून गाडी चालवत होते, आणि खड्डा आला की माय त्यांना बैल हाकणाऱ्याला सांगावं तसं सांगत होती, "हळू, जवाईबापू, हळू." मार्कंड्याला देवळापर्यंत ती आपल्या पायांनी गेली, काठीवर, गर्दीतून वाट काढत. परत येऊन दार उघडं ठेवून तणसावर बसली आणि वैनगंगेकडे पाहत राहिली. ओळखीची एक म्हातारी भेटली, तिला म्हणाली, "माह्यी पोरगी घेऊन आली." गाडी कशी आहे ते सांगायला विसरली. सर शेजारीच उभे होते, त्यांनी ते ऐकलं.

परत तिच्या गावी आलो. तिला उतरवलं, सपरीवर बसवलं, चहा झाला. सरांनी डिकीतून पाना काढला आणि अंगणातल्या सीटकडे गेले. कोंबडीला हाकललं.

"जवाईबापू," माय म्हणाली, "ते राहू द्या."

"काऊन? दहा मिनिटांचं काम हाय."

"सीट माह्याजवळ राहू द्या. तुमच्या घरी राह्यली त तुमी लावून टाकान, अन् माह्यी जागा जाईन."

 सरांनी पाना परत डिकीत ठेवला. सीट उचलून सपरीवर नेली, पावसात भिजू नये म्हणून भिंतीच्या आतल्या अंगाला लावली. 

पुढच्या शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी दुपारी अंगणात आले तर गाडीचं डावं दार उघडं होतं. माझा नवरा आत ताज्या तणसावर पाय पसरून बसला होता, उजवा पाय ताठ, गुडघ्याला रुमाल करकचून बांधून, तो चुकूनही वाकू नये म्हणून. मला पाहून म्हणाला, "पाय पुरते, पन पाठीमागं थोडं कमी हाय. दे बरं एक कवळा."